नॅशनल इकॉनॉमिक्स चॅलेंज: संघ बांधण्यापासून बझरपर्यंत

स्पेलिंग बी कधी असते, रोबोटिक्सची नोंदणी कधी बंद होते, हे अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये तोंडपाठ असतं. त्याच घरांत अर्थशास्त्राच्या सांघिक स्पर्धेचं नाव काढलं की ‘म्हणजे डिबेटसारखं काही?’ असा प्रश्न येतो. डिबेटसारखं त्यात थोडं आहे, पण ते अगदी शेवटच्या टप्प्यात. तिथवर पोचायचं तर आधी पेपर सोडवावे लागतात. ते एकेकट्याने सोडवायचे आणि गुण मात्र संघाच्या खात्यात जमा करायचे. हा लेख नववी ते बारावीच्या मुलांसाठी आहे, आणि त्यांना गाडीतून नेणाऱ्या-आणणाऱ्या आई-बाबांसाठीही.

या स्पर्धेत वर्गातला सर्वांत हुशार मुलगा एकटा फार लांब जात नाही. कामाची वाटणी ज्यांना जमते तो संघ पुढे सरकतो. गंमत म्हणजे ही वाटणी कशी करायची, हे याच विषयाच्या पहिल्या काही धड्यांत शिकवलेलं असतं. मुलं ते पेपरात लिहितात आणि स्वतःच्या संघाला लावायचं विसरतात.

स्पर्धा कोणाची, टप्पे किती

नॅशनल इकॉनॉमिक्स चॅलेंज ही स्पर्धा न्यूयॉर्कची कौन्सिल फॉर इकॉनॉमिक एज्युकेशन ही संस्था घेते. संस्था १९४९ पासूनची आहे आणि शाळांमधून अर्थशास्त्र नीट शिकवलं जावं हे तिचं मूळ काम. पर्सनल फायनान्सची एक वेगळी राष्ट्रीय स्पर्धाही हीच संस्था घेते. नावं सारखी वाटतात, त्यामुळे नोंदणी करताना आपण कुठल्या पानावर आहोत ते बघून घ्या. बजेट, क्रेडिट स्कोअर, विमा, निवृत्तीची बचत हे विषय दिसले तर ती दुसरी.

संघ तीन किंवा चार जणांचा. पहिला टप्पा राज्याचा, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान. त्यातून वर आलेले संघ राष्ट्रीय उपांत्य फेरीत जातात आणि ती ऑनलाइन असते. त्यातून निवडलेले मोजके संघ शाळेचं वर्ष संपता संपता अंतिम फेरीसाठी एकत्र जमतात. चीनमध्येही या स्पर्धेच्या फेऱ्या होतात आणि तिथल्या संघांची अमेरिकी संघांशी गाठ पडते.

विषय तीन: मायक्रो (एकेका ग्राहकाचं, कंपनीचं, बाजाराचं अर्थशास्त्र), मॅक्रो (सबंध देशाच्या अर्थव्यवस्थेचं), आणि तिसऱ्यात आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र व चालू घडामोडी एकत्र. सुरुवातीचे पेपर बहुपर्यायी असतात. अंतिम टप्प्यात दोन नव्या गोष्टी येतात: एखादा धोरणात्मक प्रश्न देऊन त्यावर परीक्षकांपुढे सादरीकरण, आणि शेवटी बझर घेऊन क्विझ. प्रश्नांची संख्या, वेळ आणि गुणांची पद्धत यांचे तपशील त्या त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतून घ्यायचे. शेजारच्या दादाने तीन वर्षांपूर्वी स्पर्धा दिली होती म्हणून त्याचे नियम आजही चालतील, असं धरू नका.

पहिली पायरी: स्मिथ की रिकार्डो

स्पर्धेत दोन गट आहेत, दोन जुन्या अर्थतज्ज्ञांच्या नावांचे. ॲडम स्मिथ गट एपी, आयबी, ऑनर्स असे वरच्या पातळीचे कोर्स केलेल्यांसाठी आणि आधी स्पर्धा दिलेल्यांसाठी. डेव्हिड रिकार्डो गट पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी, ज्यांचं अर्थशास्त्र एका सेमिस्टरच्या साध्या कोर्सपलीकडे गेलेलं नाही. चौघांत एकजण जरी एपी करत असला, तरी संघाची जागा स्मिथमध्येच.

इथे आपल्याकडच्या पालकांचा एक ठरलेला घोळ होतो. रिकार्डो म्हणजे ‘सोपा गट’, म्हणजे कमी दर्जाचा, असं वाटून ते मुलांना वरच्या गटात ढकलतात. मुलगी दहावीत आहे, एपी अजून घेतलेलं नाही, बरोबरच्या तिघांचंही तेच आहे, तर रिकार्डोमध्ये उतरा. तिथेही राज्य, उपांत्य, अंतिम असे सगळे टप्पे असतात आणि तिथला अनुभव पुढच्या वर्षी स्मिथमध्ये कामाला येतो. ही संधी एकदाच मिळते. एकदा स्पर्धा दिली की रिकार्डोचं दार बंद.

दुसरी पायरी: शिक्षक

नोंदणी शिक्षकामार्फत होते, त्यामुळे शिक्षक मिळाल्याशिवाय बाकी सगळं हवेत. शाळेत एपी इकॉनॉमिक्स असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर सोशल स्टडीजचे किंवा गणिताचे शिक्षक बघा. त्यांना अर्थशास्त्र शिकवायला लावायचं नसतं. नोंदणी करणं, ऑनलाइन पेपरच्या वेळी देखरेख ठेवणं आणि आठवड्यातून एकदा वर्ग उघडून देणं एवढं त्यांनी केलं तरी गाडी चालते.

विचारायला जायचं सप्टेंबरमध्ये. जानेवारीत गेलात तर शिक्षकांचे हात आधीच भरलेले असतात. आणि मेल मुलांनी पाठवायचा. आपल्याला मुलांच्या वतीने मेल लिहायची फार हौस असते. पण चार मुलं वर्गाबाहेर उभी राहून ‘आम्ही चौघं आहोत, नियम वाचलेत, तुमचा आठवड्याला इतका वेळ लागेल’ असं सांगतात तेव्हा शिक्षकाला नाही म्हणणं जड जातं. पालकांचा मेल आला की तेच काम त्यांना आणखी एक तक्रार वाटू लागतं.

तिसरी पायरी: चौघे कोण आणि कोणी काय करायचं

संघ बनवताना मुलं मित्रांना घेतात आणि पालक ‘सगळ्यांत जास्त जीपीए असलेले चार’ घ्यायला सांगतात. दोन्ही पद्धतींत एकाच साच्याची चार मुलं हाती येतात. त्यापेक्षा एक आलेख झरझर काढणारा, एक रोज बातम्या वाचणारी, एक आकड्यांत रमणारा आणि एक परीक्षकाच्या आडव्या प्रश्नाला न घाबरता उत्तर देणारी, असा मेळ बसवा.

वाटणीसाठी गटाला ज्याचं नाव आहे त्याचंच बोट धरावं. रिकार्डोने १८१७ मध्ये मांडलेलं उदाहरण असं: ठरावीक कापड बनवायला इंग्लंडला वर्षभर १०० माणसं लागतात आणि ठरावीक वाइन बनवायला १२०. पोर्तुगालला त्याच कापडाला ९० आणि त्याच वाइनला ८०. पोर्तुगाल दोन्हीत सरस. तरीही पोर्तुगालने वाइन करावी, इंग्लंडने कापड करावं आणि दोघांनी अदलाबदल करावी, यात दोघांचाही फायदा. कारण प्रश्न कोण चांगला हा नसतो, एक गोष्ट करताना दुसरी किती सोडावी लागते हा असतो.

आता हेच संघात. समजा सईला मॅक्रोचं एक प्रकरण तयार करून बाकीच्यांना शिकवायला २ तास लागतात, आणि एका आठवड्याच्या आर्थिक बातम्यांचं टिपण करायला ३ तास. ईशानला त्याच कामांना ६ आणि ४ तास लागतात. सई दोन्हीत वेगवान. म्हणून संघ दोन्ही कामं सईकडे देतो, सई वैतागते, ईशान मोबाइल बघत बसतो. खरा हिशेब वेगळा आहे. बातम्यांचं एक टिपण करताना सईची दीड प्रकरणं बुडतात. ईशानचं फक्त दोन तृतीयांश प्रकरण. बातम्या ईशानकडे, मॅक्रो सईकडे. पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपापले तास प्रामाणिकपणे कागदावर लिहा आणि हा भागाकार खरोखर करून बघा. मुलांना तुलनात्मक लाभ (रिकार्डोच्या या कल्पनेचं हेच नाव) एका दुपारी कळतो, तोही कायमचा.

फक्त एक धोका. राज्य फेरीत प्रत्येकजण आपला पेपर आपण सोडवतो, तिथे ‘मायक्रो माझं नाही’ म्हणून चालत नाही. म्हणून ही वाटणी टिपणं काढण्याची आणि शिकवण्याची आहे. शिकायचं सगळ्यांनी सगळं. ज्याने प्रकरण तयार केलं त्याने फळ्यावर उभं राहून ते बाकीच्या तिघांना शिकवायचं आणि तिघांनी त्याला छळायचं. नुसती गुगल डॉकवर टाकलेली टिपणं कोणी वाचत नाही.

चौथी पायरी: गुणांचं गणित आधी, अभ्यास नंतर

नियमपुस्तिका हातात आली की दोन ओळी शोधा. चुकीच्या उत्तराला गुण कापतात का? आणि संघाचे गुण म्हणजे सगळ्यांची बेरीज, की चारपैकी वरच्या तिघांची?

समजा बरोबर उत्तराला १० मिळतात, चुकीला ५ जातात, कोऱ्याला शून्य, आणि पर्याय पाच आहेत. काहीच माहीत नसताना खूण केली तर पाचांत एकदा १० मिळणार आणि चारदा ५ जाणार. सरासरी दर प्रश्नाला उणे २. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्या तिघांत हिशेब बरोबर शून्यावर येतो. तीन बाद झाले तर दर प्रश्नाला सरासरी अडीच गुण हाती लागतात. म्हणजे दोन पर्याय उरले तर बिनधास्त लिहा, चार-पाच उरले तर पुढे चला. तीन उरले की काय करायचं ते दुसऱ्या ओळीवर अवलंबून आहे.

वरच्या तिघांचेच गुण धरत असतील, तर चौघांच्या संघात एकाचा पेपर बिघडला तरी तो गळून जातो आणि साधला तर आत येतो. अशा वेळी सर्वांत कमी तयारी असलेल्याने तीन पर्यायांवर धोका पत्करावा. संघाचं त्यात जाणारं काही नाही, मिळण्यासारखं आहे. संघ तिघांचाच असेल किंवा चौघांची बेरीज धरत असतील, तर ही चैन कोणालाच परवडत नाही. आणि चुकीला गुण कापतच नसतील, तर एकही प्रश्न कोरा सोडणं हा गुन्हा आहे. हे सगळं पेपरच्या आदल्या रात्री नव्हे, पहिल्या सराव पेपरच्या आधी ठरवा, म्हणजे हाताला सवय होते.

पाचवी पायरी: मायक्रो आणि मॅक्रो

रिकार्डो असो की स्मिथ, पाया एपीच्या अभ्यासक्रमाचा धरावा. एपी मायक्रोच्या परीक्षेत ७० मिनिटांत ६० बहुपर्यायी प्रश्न असतात. मे महिन्यात ही परीक्षा देणार असाल तर दोन्हींची तयारी एकच. अंगवळणी पडायला तोच वेग चांगला आहे.

मायक्रोत हमखास गोंधळ होतो तो रेषा सरकणं आणि रेषेवरून सरकणं यांत. न्यू जर्सीत एडिसनमधल्या दुकानातली हापूसची पेटी घ्या. (भारतीय आंबा अमेरिकेत यायला पुन्हा परवानगी मिळाली ती २००७ मध्ये, ते वर्षही लक्षात ठेवायला हरकत नाही.) कोकणात अवकाळी पाऊस झाला, माल कमी आला. हापूसची पुरवठ्याची रेषा डावीकडे सरकली, भाव चढला. लोक हापूस कमी घेऊ लागले, पण हापूसची मागणी कमी झाली का? नाही. मागणीची रेषा जागच्या जागी आहे, लोक तिच्यावरून वर सरकले. मागणी वाढली ती केशरची, कारण केशर हा पर्याय. तिथली रेषा उजवीकडे गेली आणि केशरही महागला. हे चार वाक्यांत न अडखळता सांगता आलं की मायक्रोचा बराच भाग हातात आला.

बाकी ठिकाणं थोडक्यात. भावावर सरकारने घातलेली कमाल मर्यादा बाजारभावाच्या वर असेल तर काहीच घडत नाही. प्रश्नपत्रिका बनवणाऱ्यांचा हा लाडका सापळा. मक्तेदाराची सीमान्त प्राप्तीची (आणखी एक नग विकून हाती येणाऱ्या जादा रकमेची) रेषा मागणीच्या रेषेखाली असते. तोट्यात असलेली कंपनी लगेच बंद करायची नसते. भाव सरासरी बदलत्या खर्चाच्या (उत्पादनाबरोबर कमी-जास्त होणाऱ्या खर्चाच्या, दर नगामागे) खाली गेला तरच करायची. कर कोणावर बसवला याला महत्त्व कमी, त्याचा भार कोणावर पडतो हे लवचिकता (भाव बदलला की मागणी किंवा पुरवठा किती बदलतो ते) ठरवते.

मॅक्रोत सर्वांत मोठा धोका जुन्या पुस्तकांचा आहे. दादाचं किंवा ताईचं पुस्तक घरात असतंच. त्यात लिहिलेलं असतं की फेडरल रिझर्व्ह (फेड, अमेरिकेची मध्यवर्ती बँक) ही बाकीच्या बँकांवरची राखीव निधीची अट (ठेवींतला किती भाग हाताशी ठेवायचा) बदलून आणि खुल्या बाजारात रोखे घेऊन-विकून पैशाचा पुरवठा बदलते. फेडने ती अट मार्च २०२० मध्ये शून्यावर आणली. आता बँकांकडे मुबलक राखीव निधी असतो आणि फेडचं मुख्य साधन म्हणजे त्या निधीवर ती जे व्याज देते त्याचा दर. एपीच्या अभ्यासक्रमातही ही नवी मांडणी आली आहे. पुस्तकात ‘मुबलक राखीव निधी’ ही कल्पनाच नसेल तर ते प्रकरण बाजूला ठेवा आणि नवं शोधा.

दोन गुणक (सुरुवातीच्या रकमेच्या किती पट उत्पन्न शेवटी वाढतं ते सांगणारे आकडे) तोंडपाठ हवेत. लोक मिळालेल्या प्रत्येक जादा डॉलरमधले ८० सेंट खर्च करत असतील तर खर्चाचा गुणक ५. सरकारने १०० डॉलर खर्च केले तर उत्पन्न जास्तीत जास्त ५०० ने वाढेल. पण १०० डॉलरची करकपात केली तर ४००, कारण कपातीतले २० डॉलर लोक आधीच बाजूला ठेवतात. बेरोजगारीत निराश होऊन काम शोधणं सोडलेला माणूस मोजत नाहीत, हेही असंच दरवेळी विचारलं जाणारं.

सहावी पायरी: आंतरराष्ट्रीय भाग, आणि बातम्या

इथे परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांना घरबसल्या फायदा आहे, फक्त कोणी तो दाखवून द्यायला हवा. पुण्याला आजी-आजोबांना दर महिन्याला पैसे पाठवतात ते अमेरिकेच्या चालू खात्यात (देशाच्या परदेशांशी असलेल्या हिशेबातला व्यापार-मिळकतीचा भाग) येतात, बदल्यात काही न घेता दिलेली रक्कम म्हणून. बाबांनी त्याच पुण्यात गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतला तर तो वित्तीय खात्यात (त्याच हिशेबातला मालमत्तेच्या खरेदी-विक्रीचा भाग). डॉलर ८० रुपयांवरून ८५ वर गेला तर डॉलर वधारला, रुपया घसरला. पैसे पाठवणाऱ्याचा फायदा, भारतात शिकून इथे फी भरायला येणाऱ्या चुलतभावाचा तोटा. या चार वाक्यांवर पेपरात किती प्रश्न निघू शकतात ते मोजायला बसू नका. जेवताना बोला.

आयातकराचा आलेख मात्र कागदावरच शिकावा लागतो: जागतिक भाव, त्यावर कर, ग्राहकांचं नुकसान, देशी उत्पादकांचा फायदा, सरकारचा महसूल, आणि कोणाच्याच पदरात न पडणारे ते दोन त्रिकोण. हा आलेख डोळे मिटून काढता यायला हवा.

चालू घडामोडींचा अभ्यास म्हणजे सगळी वर्तमानपत्रं वाचणं असं मुलांना वाटतं आणि ती दोन आठवड्यांत थकतात. त्याऐवजी तारखांची वही ठेवा. फेडची व्याजदर समिती वर्षात आठ वेळा ठरलेल्या बैठका घेते. रोजगाराचे आकडे बहुतेक महिन्यांत पहिल्या शुक्रवारी येतात, महागाईचे महिन्याला एकदा. एका तिमाहीच्या जीडीपीचे अंदाज सहसा तीनदा येतात, आणि आधीचा आकडा दुरुस्त होत जातो. नोबेल ऑक्टोबरमध्ये जाहीर होतं. २०२३ चं क्लॉडिया गोल्डिन यांना कशासाठी, २०२४ चं असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना कशासाठी, हे एका वाक्यात सांगता यावं. नाणेनिधी आणि जागतिक बँक वॉशिंग्टनला, जागतिक व्यापार संघटना जिनिव्हाला, अशी बैठी माहिती एका संध्याकाळची.

आकडा नुसता पाठ करू नका, त्याला मॉडेलमध्ये बसवा. सरावासाठी उत्तम गोष्ट अलीकडचीच आहे: अमेरिकेत महागाईचा दर जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर गेला. फेडने मार्च २०२२ ला शून्याजवळ असलेला व्याजदर जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अर्धा टक्का खाली आणून कपातीला सुरुवात केली. एकूण मागणी आणि एकूण पुरवठा या दोन रेषा काढा आणि ही अडीच वर्षं त्यांवर सांगा. महागाई मागणीमुळे आली की पुरवठ्यामुळे, यावर चौघांचं भांडण झालं तर फार चांगलं. ते भांडण अर्थतज्ज्ञांमध्येही झालेलं आहे.

सातवी पायरी: परीक्षकांपुढे

सादरीकरणाच्या फेरीत एक प्रश्न देतात, तयारीला मोजका वेळ मिळतो, मग परीक्षकांपुढे बोलायचं आणि त्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. या फेरीत भारतीय मुलं दोन चुका करतात. एक, माहीत असलेलं सगळं ओततात. दोन, ‘दोन्ही बाजू आहेत’ म्हणून थांबतात. परीक्षकांना शिफारस हवी असते, आणि त्या शिफारशीची किंमत कोण मोजणार याची कबुली.

सरावाला न्यूयॉर्कचा एक विषय घ्या. मॅनहॅटनच्या ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेला शिरणाऱ्या गाड्यांवर ५ जानेवारी २०२५ पासून गर्दीशुल्क लागू झालं. गर्दीच्या वेळी साध्या मोटारीला ९ डॉलर. न्यू जर्सीने त्याला कोर्टात विरोध केला. तुमचा संघ सल्लागार आहे असं समजा. पहिला भाग: समस्या काय? गाडी घेऊन शिरणारा माणूस स्वतःचा वेळ आणि पेट्रोल मोजतो, त्याच्यामुळे मागच्यांना होणारा उशीर मोजत नाही. म्हणजे ही बाह्य परिणामांची गोष्ट, आलेख ठरलेला. दुसरा भाग: शुल्काने किती गाड्या कमी होतील? ते लवचिकतेवर, आणि लवचिकता ट्रेनची सोय आहे की नाही यावर. तिसरा भाग: झळ कोणाला? हडसन नदीपलीकडून दिवसपाळीला येणारी नर्स आणि तिथूनच येणारा बँकेतला अधिकारी दोघे सारखंच शुल्क भरतात, पण दोघांच्या पगारातला हिस्सा वेगळा. चौथा: जमलेला पैसा कुठे जावा? पाचवा: तुमची शिफारस, आणि ती चुकली हे कोणत्या आकड्यावरून कळेल?

हे शेवटचं वाक्य फार थोडे संघ बोलतात. बोलून बघा, परीक्षक कागदावरून मान वर करतात.

बोलण्याची वाटणीही ठरवून करा. चौघांनी चार तुकडे पाठ करून म्हटले की शाळेच्या गॅदरिंगसारखं वाटतं. दोघांनी मुख्य मांडणी करावी, तिसऱ्याने आलेख सांभाळावा, चौथीने फक्त प्रश्नांवर लक्ष ठेवावं आणि कोणता प्रश्न कोणाकडे द्यायचा ते ठरवावं. उत्तर येत नसेल तर ‘हा आकडा आमच्याकडे नाही, पण तो मिळाला तर आमचं मत असं बदलेल’ हे म्हणायला शिकवा. थापा लगेच पकडल्या जातात.

आठवी पायरी: बझर

क्विझमध्ये ज्ञानाइतकाच कान लागतो. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत दाबायचं की नाही हे पुन्हा चुकीला काय दंड आहे त्यावर. सरावासाठी खरे बझर विकत घ्यायची गरज नाही. चमच्याने ताट वाजवलं तरी चालतं. एकाने प्रश्न वाचायचा, आणि कोणत्या शब्दाला उत्तर कळलं तो शब्द लिहून ठेवायचा. थोड्याच बैठकांत लक्षात येतं की उत्तर ठरवणारा शब्द बहुधा प्रश्नाच्या शेवटच्या तुकड्यात असतो: ‘अल्पकाळात’ की ‘दीर्घकाळात’, ‘नाममात्र’ की ‘वास्तव’. घाई करणारा संघ तिथेच घसरतो.

विषय आधीच वाटून ठेवा. व्यापाराचा प्रश्न आला की ईशानचा हात बझरवर, बाकीच्यांचे मांडीवर. सगळ्यांनी सगळ्यावर झेप घेतली की एकमेकांची उत्तरं कापली जातात.

महाराष्ट्रात असाल तर

ही स्पर्धा मुख्यतः अमेरिकेच्या शाळांची. भारतातल्या मुलांसाठी इंटरनॅशनल इकॉनॉमिक्स ऑलिंपियाड आहे. ते २०१८ मध्ये मॉस्कोला सुरू झालं; २०२४ चं हाँगकाँगला आणि २०२५ चं बाकूला झालं. देशाचा संघ पाच जणांचा, मुलं विद्यापीठात गेलेली नसावीत, आणि कामकाज इंग्रजीत. भाग तीन: अर्थशास्त्राचा वैयक्तिक पेपर, पैशाच्या व्यवहारांचा संगणकावरचा खेळ, आणि संघाने मिळून सोडवायची व्यावसायिक केस. भारताचा संघ देशांतर्गत निवड फेऱ्यांतून जातो.

बालभारतीचं बारावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक पाया म्हणून चांगलं आहे. मागणीची लवचिकता, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्त, परकीय व्यापार हे सगळं त्यात आहे. कमी पडतं ते गणित. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत व्याख्या आणि मुद्दे लिहून गुण मिळतात. ऑलिंपियाडच्या पेपरात मागणीचं समीकरण देऊन मक्तेदाराचा नफा काढायला सांगतात. त्यामुळे विज्ञान शाखेतली, अर्थशास्त्र हा विषयही न घेतलेली मुलं इथे पुढे निघून जाताना दिसली तर नवल नाही. कला-वाणिज्यच्या मुलांनी बीजगणित आणि थोडं कलन घासून घ्यावं, विज्ञानवाल्यांनी बालभारतीची दोन्ही वर्षांची पुस्तकं दिवाळीच्या सुट्टीत वाचून काढावीत. मराठी आवृत्ती आणि इंग्रजी आवृत्ती शेजारी ठेवून वाचली तर इंग्रजी संज्ञाही बरोबरच बसतात. जागतिक ऑलिंपियाडचे मागच्या वर्षांचे पेपर इंटरनेटवर मिळतात. सुरुवात २०१८ च्या पेपरापासून करा आणि अलीकडचे दोन शेवटच्या महिन्यासाठी न उघडता ठेवा.